मोगऱ्याची सांजफेरी

दाजी गेले तेव्हा माझ्या झारीची चाळण त्यांच्याकडे होती. हे असं सुरुवातीलाच सांगणं बरं दिसत नाही, कळतं मला. पण गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर खरं लिहावं, आणि खरं हे, की त्या संध्याकाळी मी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी उभी राहून त्यांच्या नावाने चरफडत होते. चाळण चांगली पितळेची, माझ्या आईच्या वेळची. "वायच देवा, उद्या आणून देतंय" म्हणून त्यांनी नेली होती, आणि त्यांचा तो उद्या काही उगवत नव्हता. ऊन उतरलं, पाखरं परतायला लागली, तरी त्यांच्या अंगणात हालचाल नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "दाजीनू, चाळण ठेवून घेवक नेलात काय?" मग सुलू बाहेर आली. सुलू त्यांची एकुलती मुलगी, कणकवलीला असते, आंब्याच्या दिवसांत चार दिवस माहेरी आली होती. पडवीचा खांब धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई… बाबा उठनत नाय."

दुपारी सोलकढी पिऊन, "सांजची फेरी आसा, वेळेर उठव" असं तिला बजावून दाजी आडवे झाले होते. ते उठलेच नाहीत. जन्मात एकही फेरी न चुकवलेल्या माणसाने ती एक चुकवली. आता ही फेरी कुठली आणि तिच्यात बसायचं कोण, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. चाळणीचं मी नंतर कोणाकडे काही बोलले नाही. ती त्यांच्या झारीला बसलेली आहे, तिथेच बरी आहे.

दाजी एसटीत कंडक्टर होते. वेंगुर्ले–आरोंदा ही त्यांची लाइन. मी त्याच लाइनवरच्या एका मराठी शाळेत शिक्षिका, म्हणजे जवळजवळ अर्धी नोकरी मी त्यांच्या गाडीतून केली. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं त्यांचं मत होतं. गाडी यायच्या आधी स्टॉपवर उभी असणारी, आणि गाडी दिसल्यावर घरातून धावत सुटणारी. मी दुसऱ्या प्रकारातली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा, केसांत फणी अडकलेली तशीच, अशी मी पाणंदीतून धावत यायचे आणि दाजी फूटबोर्डवर उभे राहून आख्ख्या गाडीला सांगायचे, "बाई येतत! कोणी हसा नको!" त्यामुळे जे हसणार नव्हते तेही हसायचे. मी चढले की डबल बेल. तिकिटाच्या चिमट्याने दांड्यावर टणटण करत "फुडे सरा, फुडे सरा, फुडे काय वाघ बसलोहा?" म्हणत ते मागून पुढे येणार. तो चिमटा, म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा पंच, त्यांच्या हाताला इतका चिकटला होता की निवृत्त होतानाही सुटला नाही. त्यांच्याकडचा एक जुना, दात मोडलेला पंच कोणी परत मागितला नाही, तो त्यांनी घरी आणला. घरी भोक पाडायला तिकिटं नव्हती, म्हणून ते टणटणच करायचे… खांबावर, ताटावर, सुलूच्या नवऱ्याच्या नव्या स्कूटरवरसुद्धा.

झाडापेडांचं मात्र त्यांना काडीचं ज्ञान नव्हतं. घरामागचं परडं नलूवैनीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. ती आणि मी कुंपणावरून रोपं, बिया आणि सगळ्या गावाच्या बातम्या देतघेत असू. एकदा नलूवैनी माहेरी गेली असताना दाजींना उमाळा आला आणि त्यांनी परडं साफ केलं. एवढं साफ केलं की अबोलीची सगळी रोपं गवत म्हणून उपटून वईबाहेर, म्हणजे कुंपणापलीकडे गेली आणि टाकळा तेवढा शिस्तीत ओळीने उभा राहिला. नलूवैनी आली, तिने बघितलं, आणि आठ दिवस ती दाजींशी बोलली नाही. त्या आठ दिवसांत निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्यांका सांग, जेवान वाढलाहा." "तिका सांगा, मीठ कमी आसा." मी मध्ये उभी, माझ्या स्वतःच्या चुलीवरचा भात करपलेला.

त्यावरची माफी म्हणून दाजींनी तिला मोगऱ्याची कुंडी आणली. कुंडी म्हणजे काय, रांजणच म्हणा. भाजलेल्या मातीची, रुंद तोंडाची, दोघांनी काठ धरल्याशिवाय न हलणारी. कुडाळच्या बाजारातून ती एसटीने आणली, तीही बायकांच्या राखीव सीटवर बसवून. एक म्हातारी उभी राहून कुरकुरायला लागली तर दाजी तिला म्हणाले, "आजये, तीव बाईमाणूसच आसा, आणि पोटुशी आसा." आत मोगऱ्याचं रोप होतं ना. म्हातारी हसली आणि कुंडीला धरून उभी राहिली, गचके बसू नयेत म्हणून. नलूवैनीने तो मोगरा असा वाढवला, की वैशाखात संध्याकाळ झाली की आमच्या घरातल्या चहालासुद्धा मोगऱ्याचा वास यायचा. रोज सांजेला ती बांगड्यांच्या हाताने कुंडीवर टिचकी मारायची. टण्ण वाजलं की माती तहानलेली, थप्प वाजलं की पोट भरलेलं. आणि मृगाच्या दिवशी दोघांनी मिळून कुंडी उचलून पडवीच्या कडेला ठेवायची, हा त्यांच्या घरचा सणच होता. वैनी एका बाजूने, दाजी दुसऱ्या बाजूने, आणि दाजी तोंडाने डबल बेल देणार, मगच उचलायचं.

चार-पाच वर्षं झाली, नलूवैनी आजारी पडली आणि परत आली नाही. इस्पितळात तिने दाजींना जवळ बोलावलं. सुलूला वाटलं, काहीतरी मनातलं सांगणार. तिने सांगितलं ते हे, "मोगऱ्याक रोज सांजचा पाणी घाला. मिरग इलो की कुंडी पडवेत घेवा, मगे पावस बघतलो. आणि अबोलेक हात लावा नको." तेराव्यानंतर सुलू कणकवलीला गेली आणि त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून मला टण्ण असा आवाज आला. बघते तर दाजी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एका हातात झारी, दुसऱ्या हातात पंच. कुंडीला पंचाने वाजवलं, पाणी घातलं आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "बाईनू, फेरी झाली." त्या दिवसापासून ती त्यांची सांजफेरी. ताप असो, पाहुणे असोत, निवडणूक असो, फेरी सुटायची. तिच्या तिथीला, वैशाखात, तिच्या फोटोला त्याच मोगऱ्याचा गजरा. गजरा ओवायचं काम माझ्याकडे होतं. दाजींनी एकदा स्वतः ओवून बघितला होता, तो गजरा होता की सुईत अडकलेला पसारा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि मृगाला कुंडीचा दुसरा काठ धरायला मी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या वर्षीचा तो उन्हाळा आला. आला म्हणजे काय, आलाच नाही. वैशाख लागला आणि आभाळ जे भरलं ते भरलंच. दिवसाआड पाऊस, मधल्या दिवशी मळभ, आणि हवेत असा गारठा, की भर मे महिन्यात मी कपाटातलं स्वेटर काढलं, आणि त्यालाही बुरशी आलेली. आमच्या वाडीतल्या झाडांचं डोकं पार फिरलं. माझ्या मिरच्यांची पानं मुडपली, फुलं धरायच्या आधीच गळली, आणि मसाल्यासाठी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांना मिशा फुटल्या. लाल माठ चिखलात झोपला, उरलेला गोगलगायींनी खाल्ला. मी रोज सकाळी चिमट्याने गोगलगायी वेचायचे आणि रस्त्यापलीकडे टाकून यायचे, आणि मला खात्री आहे, की त्या माझ्याआधी घरी पोचायच्या. भेंडी माझ्या डोक्याच्या वर गेली, पण तिला भेंडी म्हणून लागेना. तवशीच्या, म्हणजे काकडीच्या वेलाने तर हद्द केली… मांडव पानांनी गच्च, पिवळी फुलंही आली, पण मधमाशी घरातून बाहेर पडेल तर ना! धरलेली बोटाएवढी तवशी पिवळी पडून खाली. टोमॅटोला काळे डाग, झेंडू मुळातून कुजला. आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते टाकळा आणि तेरडा महिनाभर आधीच येऊन दारात उभे. अळू आणि हळद तेवढी खूष होती. आठवड्यातून चारदा अळूचं फदफदं करून करून मी माणसातून उठले.

अशा एका धो धो पावसाच्या संध्याकाळी मी पडवीत उभी, तर पलीकडे छत्री दिसली. छत्रीखाली दाजी. छत्री मानेत अडकवलेली, एका हातात पंच, दुसऱ्या हातात भरलेली झारी, आणि भर पावसात ते मोगऱ्याला पाणी घालत होते. मी आधी डोळे पुसले. मग ओरडले, "दाजीनू, वरसून देव घालता ता काय दूध आसा?"

"ता वरचा पाणी," दाजी शांतपणे म्हणाले. "ह्या मुळाचा."

"अहो, कुंडी वाजवून बघा की! थप्प वाजतली!"

"वाजांदे. मिरग खंय इलो अजून? उन्हाळी टायमटेबल मिरगापर्यंत."

"मगे ह्यो पावस कोण?"

"ती स्पेशल गाडी," दाजी म्हणाले. "टायमटेबलात तिचा नाव नाय." आणि झारी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करून, छत्री सावरत ते आत गेले.

आता याला काय करायचं, सांगा! शाळेत मी एकेका वर्गाला गप्प बसवलंय, पण या माणसापुढे माझं काही चाललं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मृग नक्षत्राला त्यांनी गोल केला होता आणि त्या गोलापर्यंत उन्हाळा होता, मग आभाळ फाटलं तरी बेहत्तर. इकडे मोगरा बिचारा पाण्यात उभा. सुरुवातीला त्याने मोठी मोठी हिरवीगार पानं काढली. दाजी खूष, "बघा कसो माजलोहा!" मला मात्र त्यात एकही कळी दिसेना. मोगऱ्याला ऊन लागतं, आणि खरं सांगायचं तर मोगऱ्याला तहान लागावी लागते. माझी आई तर फुलांच्या आधी काही दिवस त्याचं पाणीच तोडायची, पानं माना टाकेपर्यंत. मग एकदम पोटभर पाणी, की कळ्यांनी नुसता लदबदून जायचा. त्या उन्हाळ्यात तहान कुठली? हळूहळू खालची पानं पिवळी पडायला लागली. मग वरची. तिथी दहाबारा दिवसांवर आली आणि दाजींच्या चेहऱ्यावरचं कंडक्टरी अवसान उतरलं.

म्हणून त्यांनी देवाला विचारायचं ठरवलं. आमच्याकडे नड आली की गावच्या देवळात कौल लावतात. देवाच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी सुकली की आपसूक सुटते. दाजी म्हणाले, "बाईनू, तुमी साक्षीक चला, नायतर मगे म्हणशात मी खोटा सांगतंय." गेले मी. बाबल गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या दाजीन तुझ्याकडे प्रश्न घातलेलो आसा. मोगऱ्याक पाणी घालूचा की नाय, ह्येचो काय तो निवाडो कर रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा म्हणायला दुसरं कोणी नव्हतंच, म्हणून मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

बसलो. एरवी गाऱ्हाणं संपेपर्यंत निकाल लागतो. त्या दिवशी हवाच इतकी दमट, की पाकळ्या सुकायचं नाव घेईनात. दगडाला घाम सुटलेला, त्यावर पाकळ्या अशा चिकटल्या जणू रंगवल्यात. आम्ही बघतोय देवाकडे, देव बघतोय आमच्याकडे. बाबलने आणखी एक गाऱ्हाणं घातलं, जरा जोरात. काही नाही. पाऊस वाढला. दाजींची चुळबूळ सुरू झाली, कारण सांजफेरीची वेळ जवळ येत होती. "देवाक गारठो लागलो काय रे बाबल?" त्यांनी हळूच विचारलं. बाबल उत्तर द्यायला वळला, आणि गाभाऱ्याच्या ओलीने म्हणा की काय म्हणा, त्याला एवढी मोठी शिंक आली, की दोन्ही पाकळ्या एकदम खाली! मग वाद सुरू झाला. हा कौल धरायचा की नाही? दाजींचं म्हणणं, उजवी केसभर आधी पडली. माझं म्हणणं, डावी. बाबल म्हणाला, "देवान सांगलान, तुमचा तुमी बघा." माझ्या मते आमच्या गावात दिला गेलेला हा सगळ्यात शहाणा कौल होता. दाजी घरी गेले आणि त्यांनी पाणी घातलं.

त्याआधी घरी येताना वाटेत मी मात्र सोडलं नव्हतं. आईची तहानेची गोष्ट सांगितली, पाणी तोडा म्हणून पुन्हा पुन्हा विनवलं. पाणंदीत दाजी थांबले. छत्रीवर पाऊस वाजत होता. म्हणाले, "बाईनू, शेवटचे दोन दिवस डॉक्टरांनी तिचा पाणी बंद केलेला. पोटात कायव जावचा नाय म्हणान. ती माझ्याकडे मागत होती. मी देवक नाय." छत्री सावरली. "आता तिच्या झाडाक तानेला ठेवू? माका जमाचा नाय." एवढं बोलून ते पुढे निघाले, आणि मी कितीतरी वेळ तिथेच चिखलात उभी राहिले. इतकी वर्षं ज्या हट्टावर मी तोंडसुख घेत होते, त्याच्या पोटात हे होतं. मला रडू आलं. आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचाच रागही आला, की हे आधी नाही का सांगायचं मेल्या माणसा!

तिथीला फूल नव्हतं. बाजारातला गजरा आणते म्हटलं तर, "बाहेरचो मोगरो तिका चलाचो नाय." मग त्यांनी काय केलं? भिंतीवरचा नलूवैनीचा फोटो काढला, टॉवेलने पुसला, छातीशी धरला, छत्री उघडली आणि फोटोलाच मोगऱ्याकडे घेऊन गेले. मी कुंपणाशी होते. फोटोवर पाऊस पडू नये म्हणून छत्री सगळी पुढे धरलेली आणि स्वतः पाठीवर भिजत ते तिला सांगत होते, "बघ, नलू. पानां आसत, फूल नाय. माझी काय चूक नाय, मी एक फेरी चुकवूक नाय. माका बोला नको." मला हसू फुटलं आणि मी पदर तोंडाला लावला. नलूवैनी फोटोत जशी असते तशीच होती, म्हणजे जरा रागावलेली.

दुसऱ्या दिवशी निम्मी पानं खाली आलेली बघितली आणि मी पदर खोचला. मृगाला अजून अवकाश होता. मी सरळ त्यांच्या अंगणात गेले, चिखलात पाय रोवून कुंडीचा काठ धरला आणि हाक मारली, "दाजीनू, उचला!"

"आज खंय मिरग?"

"मी धरलंय. माझी कंबार मोडतली. उचला!"

बाईमाणूस ओझं धरून उभं आणि कंडक्टर बघत उभा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. धावत आले, काठ धरला आणि सवयीने तोंडातून निघालंच, "टण टण!" कुंडी पडवीत. तिथे मग तह झाला. पंचाने विचारायचं. टण्ण म्हणाली तर पाणी, थप्प म्हणाली तर नाही. तहानलेली ठेवायची नाही, पण बुडवायचीही नाही. दाजींनी खूप विचार करून मान डोलावली. त्यानंतर सगळा पावसाळाभर ते संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, भरलेली झारी घेऊन कुंडीजवळ यायचे, वाजवायचे. थप्प. मग तशीच भरलेली झारी परत नेताना मला ओरडून सांगायचे, "बाईनू, फेरी झाली! पॅसेंजर नाय!" मी आतून ओरडायचे, "बरा! गाडी डेपोत घाला!" मोगरा जगला. नवी पानं आली. फूल मात्र वर्षभर एकही नाही. हिवाळ्यात कुंडी परत अंगणात आली, होळी झाली, यंदा ऊन चांगलं कडक पडलं, तरी नाही. टण्ण वाजलं की लगेच पाणी, मग त्याला कळ्या काढायची निकड कुठली? दाजी म्हणायचे, "तिथीक येतलो. गाडी लेट आसा, रद्द नाय." आणि तिथी महिन्यावर आली असताना ते स्वतःच गेले.

त्यांचं घर माणसांनी भरलं. अंगणात मांडव घातला, भाड्याच्या खुर्च्या आल्या, कुंडी मध्ये येते म्हणून कोणी चार जणांनी ती मांडवाच्या मागे ढकलली. पुढे तिच्याभोवती जास्तीच्या खुर्च्यांची थप्पी लागली. मला वाटलं सुलू पाणी घालते. सुलूला वाटलं बाई घालतात. तेरावं झालं, मांडव सुटला, खुर्च्या टेम्पोत चढल्या आणि सुलूची किंकाळी ऐकून मी धावले. मोगऱ्याने माना टाकल्या होत्या. पानं कुरकुरीत, निम्मी गळलेली, माती काठापासून सुटून तिला भेगा पडलेल्या. सुलू रडायला लागली, "बाबांनी इतक्या वर्षांत एक दिस चुकवूक नाय…" मी पडवीतल्या खुंटीवरचा पंच घेतला आणि कुंडीला वाजवला. इतका लांब टण्ण मी आजवर ऐकला नव्हता. मग माझी चाळण लावलेली त्यांची झारी भरली. एक घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. माती नुसती पीत होती. सुलू कणकवलीला गेली आणि मी रोज सांजेला जायला लागले. जाताना बरी साडी नेसून जाते. का ते विचारू नका.

सात-आठ दिवसांनी पानांच्या बेचक्यांत काहीतरी टोकदार दिसलं. मला वाटलं कीड असेल. चष्मा लावून बघितलं… कळ्या. एक, दोन नाही हो, प्रत्येक शेंड्याला झुबकाच्या झुबका, मोजवत नाहीत एवढ्या. जी तहान दाजींनी त्याला जन्मात लागू दिली नसती, ती त्यांच्याच जाण्याने लागली होती. मी तिथेच कुंडीच्या काठाला धरून बसले आणि आधी हसले, मग मोठ्याने रडले. बाबल गुरव रस्त्याने चालला होता, तो वईवरून डोकावून म्हणाला, "बाईनू, बरा आसा मां?" मी म्हटलं, "तू शिंकू नको रे बाबा, तेवढा कर."

काल नलूवैनीची तिथी होती. सुलू आली होती. दोन गजरे ओवले, कारण आता भिंतीवर फोटो दोन आहेत. फुलं तरीही उरली, ती मी परातीत ठेवून वाडीभर वाटली. संध्याकाळी सुलूला एसटीत बसवून परत आले. घर बंद, अंगण झाडलेलं, मोगरा पांढराशुभ्र. चहाला वास येणार होता. झारी भरली, खुंटीवरचा पंच काढला. फोटो खिडकीतून दिसत होता, दाजींचा, कंडक्टरच्या टोपीतला. मोठ्याने सांगितलं, कोणी ऐकलं तर ऐको.

"दाजीनू, तेरा दिस फेरी चुकली. पण पॅसेंजर स्टॉपार उभो होतो. हलूक नाय."

मग कुंडी वाजवली. टण्ण म्हणाली. पाणी घातलं.